पोशाखाचा नियम कोणासाठी?

रायपूर - नवा रायपूर येथे ३ मे २०२५ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. अशा ठिकाणी उद्या नोकरीस लागणाऱ्या तरुणांनी कोणता पोशाख करावा, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. मात्र दहा वर्षांपूर्वी छत्तीसगड सरकारला तो क्षुल्लक वाटला नव्हता.

९ मे २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी बस्तरच्या दौऱ्यावर आले. त्यांच्या स्वागतास बस्तरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अमित कटारिया रंगीत शर्ट आणि काळा चष्मा घालून उपस्थित राहिले. राज्य सरकारने अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांवर बोट ठेवून त्यांना लेखी समज दिली. बस्तरमधील मे महिन्याचे ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना त्या चष्म्याचे नवल वाटले नसावे.

त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १ जून २०१५ पासून, इन्फोसिसने औपचारिक पोशाखाची सक्ती शिथिल केली. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीत तोवर सैल पोशाखाची मुभा शुक्रवारपुरतीच होती. या उद्योगाचा डोलारा अमेरिका व युरोपातील ग्राहकांवर उभा असल्याने त्यांच्यावर छाप पाडण्यासाठी औपचारिक पोशाख आला आणि ज्याची ग्राहकाशी कधी गाठही पडत नाही, त्या संगणकतज्ज्ञालाही तो लागू झाला.

ही शिथिलता सर्वत्र टिकली असे मात्र नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये टीसीएसने कर्मचाऱ्यांना कार्यालयात परत बोलावताना पोशाखाच्या नियमांचीही आठवण करून दिली. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये कार्यालयांत जीन्स व टी-शर्ट वर्ज्य ठरवले. पुढच्याच वर्षी जीन्सवरील बंदी मागे घेतली. या फेऱ्यांत कामाच्या गरजेपेक्षा अधिकाराची जाणीव करून देण्याचा भाग अधिक दिसतो.

ग्राहकभेटीच्या दिवसापुरता नियम समजण्याजोगा आहे. ठरलेल्या शर्ट-पँटमुळे श्रीमंत घरातला आणि खेड्यातून आलेला सहकारी निदान दिसायला सारखे होतात, हा युक्तिवादही खोडून काढण्यासारखा नाही. परंतु त्या सारखेपणाचा खर्च कोणी करायचा? कपडे, बूट, धुलाई, इस्त्री हे सारे कर्मचाऱ्याच्याच खिशातून जाते आणि नवख्याचा पहिला पगार महिनाअखेरीस होतो. नियम ठेवायचाच असेल, तर तो रुजू होण्याच्या दिवशी न सांगता नियुक्तिपत्रातच नमूद करणे कोणत्याही कंपनीला अवघड नाही.