स्वस्तातला सीझर

सतराशे वर्षांपूर्वीचे अस्सल रोमन नाणे आज दहा-वीस डॉलरांत मिळू शकते, असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास उमटतो आणि पाठोपाठ लोभ. आंतरजालावरील लिलावांनी हा लोभ घरबसल्या पुरवण्याची सोय केली आहे. पूर्वी लंडन-झुरिकच्या लिलावगृहांत धनिकांचाच वावर असे. आज कुणीही सामान्य पगारदार कॉन्स्टन्टाइनच्या मुखवट्यावर बोली लावतो. ज्ञानाच्या या लोकशाहीकरणाचे आम्हांला कौतुकच आहे. तथापि या स्वस्ताईच्या पोटात दोन अगदी भिन्न प्रकार दडलेले आहेत. त्यांची गल्लत होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मुळात नाणे जुने म्हणून महाग, हा समजच चुकीचा आहे. किंमत वयावर ठरत नाही. ती ठरते उपलब्धतेवर आणि मागणीवर. चौथ्या शतकात ट्रिअरपासून अलेक्झांड्रियापर्यंतच्या टांकसाळींनी ब्राँझची लहान नाणी अक्षरशः अगणित पाडली. लोकांनी ती मडक्यांत भरून पुरली आणि ती परत काढायला पुष्कळांना सवड मिळाली नाही. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात २०१३ साली सीटन डाउन येथे सापडलेल्या एकाच साठ्यात अशी २२,८८८ नाणी होती. पुरवठा असा असेल, तर सीझर स्वस्त होणारच.

स्वस्ताईचा पहिला प्रकार वाचनातून येतो. विक्रेता छायाचित्राखाली 'प्राचीन रोमन नाणे' एवढेच लिहून मोकळा होतो. पुढचे काम वाचणाऱ्याचे. नाण्यावर दोन सैनिक उभे आहेत. त्यांच्यामध्ये ध्वजदंड दोन असतील तर ते नाणे ३३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले, आणि एकच असेल तर साधारण ३३५ नंतरचे. तळाशी 'एसआयएस' ही अक्षरे दिसली, तर टांकसाळ सिस्कियाची, म्हणजे आजच्या क्रोएशियातील सिसाकची. मुखवट्याभोवतीच्या 'डीएन' या दोन अक्षरांत 'दोमिनुस नोस्तेर', म्हणजे 'आमचे धनी', अशी अख्खी राजनिष्ठा कोंबलेली असते. मोडीतील लपेटी किंवा शिलालेखातील संक्षेप सोडवताना जो आनंद होतो, तोच येथेही आहे. दहा खंडांच्या 'रोमन इंपीरियल कॉइनेज' या सूचिग्रंथावर आधारलेली सूची अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने जालावर विनामूल्य ठेवली आहे. ती चाळणाऱ्याला दुर्मीळ टांकसाळीचे नाणे सामान्य नाण्याच्या भावात गवसू शकते. ही सवलत अभ्यासाने कमावलेली आहे. तिच्यात कुणाची फसवणूक नाही. खोट्या नाण्यांपासूनही हाच अभ्यास वाचवतो. काठावर साच्याची सांधरेषा, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खळगे, किंवा दोन वेगवेगळ्या नाण्यांवर हुबेहूब एकच ओरखडा दिसला, की ओतीव नकलेची शंका घ्यावी. हातोड्याच्या भावावर खरेदीदाराचे अधिमूल्य आणि टपालखर्च चढतो, हाही हिशेब बोलीपूर्वीच मांडावा. असो.

स्वस्ताईचा दुसरा प्रकार मौनातून येतो. माती चिकटलेल्या नाण्यांचे ढीग शेकड्याने किंवा वजनावर विकले जातात. ती माती हेच जणू अस्सलपणाचे प्रमाणपत्र, अशी जाहिरात असते. पण ती माती कोणत्या गावची, कोणत्या शेतातली, याविषयी चकार शब्द नसतो. बाल्कन देशांत धातुशोधक यंत्रे घेऊन होणारे चोरटे उत्खनन ही उघड गोष्ट आहे. अमेरिकेने प्राचीन नाण्यांच्या आयातीवर २००७ मध्ये सायप्रसच्या, २०११ मध्ये इटलीच्या आणि २०१४ मध्ये बल्गेरियाच्या बाबतीत निर्बंध घातले, ते उगाच नव्हे.

"लाखोंपैकी एक नाणे, त्याने इतिहासाचे काय बिघडणार?" असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर सॉमरसेटमधील फ्रोम येथे मिळते. २०१० साली तेथे एका धातुशोधकाला मडके लागले. त्याने खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी ५२,५०३ नाणी एकदम न उपसता थराथराने काढली. साठ्यातील सर्वांत उशिराची, कॅरॉसियसची नाणी वरच्या थरात असायला हवी होती. ती बव्हंशी मडक्याच्या खालच्या भागात निघाली. म्हणजे हे मडके वर्षानुवर्षे थोडे थोडे भरलेले नव्हते. ते एका वेळीच भरले गेले असावे, कदाचित देवतेला अर्पण म्हणून. हा निष्कर्ष एकाही नाण्यावर कोरलेला नाही; तो नाण्यांच्या जागेत होता. तीच नाणी ढिगाने विकली गेली असती, तर शिल्लक राहिले असते ते केवळ राजांचे मुखवटे.

आपल्याकडचा दाखलाही याच जातीचा आहे. दक्षिण भारतात मिळालेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या नाण्यांचा मोठा भरणा आहे. नीरोने इ. स. ६४ च्या सुमारास नाण्यातील चांदी घटवली. तेव्हा इकडच्या व्यापाऱ्यांनी जुनी, चोख नाणी पसंत केली असावीत, असा तर्क अभ्यासक करतात. कोइमतूर परिसरातील साठ्यांची स्थळे नोंदली गेली, म्हणून हा तर्क शक्य झाला. स्थळाची नोंद हरवली की टायबेरियसचे नाणे भारतात आले होते की नाही, हे ते नाणे स्वतः सांगू शकत नाही. वाक्यातून उपटलेल्या शब्दाला कोशातला अर्थ उरतो; त्या वाक्यातला अर्थ मात्र जातो.

हा दोष गरिबाच्या खरेदीपुरताच आहे, असेही नव्हे. सीझरच्या वधाचे स्मारक असलेले ब्रूटसचे सोन्याचे नाणे २०२० साली लंडनच्या लिलावात चाळीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले. त्याच्या पूर्वमालकीची कागदपत्रे खोटी निघाली आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करण्यात आले. भाव कितीही चढला तरी मौनाचे प्रामाणिकपणात रूपांतर होत नाही.

तेव्हा संग्रह करूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा निधी कायदा आणि १९९७ पासून सुरू झालेली शोधनोंदणी योजना यांनी दाखवून दिले आहे की सामान्य शोधक आणि विद्वान एकमेकांचे शत्रू असण्याचे कारण नाही. नोंद होऊन रीतसर विक्रीस आलेली नाणी बाजारात मिळतात. जुन्या संग्रहांतली, जुन्या चिठ्ठ्यांसह आलेलीही मिळतात. त्यांना चार डॉलर अधिक पडतात, एवढेच.

बोली लावण्यापूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: हे कोठून आले? उत्तर टोलवाटोलवीचे आले, तर नाणे सोडून द्यावे. ज्या विपुलतेमुळे ते स्वस्त झाले, तीच विपुलता ते नाकारण्याची मुभाही देते. कॉन्स्टन्टाइनचे दोन सैनिक पुढच्या आठवड्यात पुन्हा लिलावाला उभे राहणारच आहेत. कदाचित या वेळी आपले गाव सांगत.