दुसरा गोवा कोणासाठी?

मुंबईच्या मनात तेरेखोलच्या खाडीच्या दोन काठांवर दोन वेगळ्या जातींची माणसे राहतात. पलीकडचा गोवेकर आनंदी, गाणारा, सुशेगाद, खाण्यापिण्याचा शौकीन, थोडा बेजबाबदार पण हवाहवासा. अलीकडचा मालवणी काटकसरी, भांडकुदळ, कोर्टकज्जांत रमणारा, नाटकवेडा, गणपतीला हटकून गावी पळणारा आणि एरवी सांगितलेले काम मुकाट्याने करणारा. भांडकुदळ माणूस मुकाट्याने काम कसा करील, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. गोवेकराचे नाव निघताच मुंबईकराला सुटी आठवते आणि मालवण्याचे नाव निघताच घरगडी आठवतो, एवढाच या मानसशास्त्राचा मथितार्थ आहे.

वास्तविक हा एकच किनारा आहे. तोच भात, तोच बांगडा, तेच सोलांचे सार; तीच गावऱ्हाटी आणि तोच दशावतार. शिरोड्याची बोली आणि पेडण्याची बोली यांत अंतर किती, हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे. बाजारात मासळीचा भाव करताना कोणाचे अडत नाही. पेडणे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांचा होता. तेरेखोलचा किल्ला तर खाडीच्या उत्तर तीरावर, म्हणजे मालवणच्या बाजूला उभा आहे आणि तरीही तो गोव्याचा आहे. ही सीमा सावंत-भोसले आणि पोर्तुगीज यांच्या तहांनी आखली. माणसांच्या स्वभावांनी ती आखलेली नाही.

मुंबईत आल्यावर तरी ही माणसे वेगळी जगत होती काय? धोबीतलावाच्या परिसरात गोव्याच्या ख्रिस्ती कामगारांची कुडे होती. एकेका गावाच्या नावाने घेतलेली जागा, भिंतीलगत ओळीने मांडलेल्या पेट्या, गावच्या संताची वेदी. बोटीवरून उतरलेला खलाशी किंवा नोकरीच्या शोधातला आचारी पुढची सोय लागेपर्यंत तेथे मुक्काम करी. लालबाग-परळच्या चाळींत गावकरी मंडळींच्या खोल्या होत्या. तेथेही ओळीने ट्रंका, भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर, पाळी बदलली की वळकटी बदलणारे गिरणी कामगार आणि महिन्याच्या बोलीने चालणारी खानावळ. दोन्हींकडून दर महिन्याला गावी मनिऑर्डर जाई. मुंबईने दोघांनाही नावे ठेवली. गोवेकर 'मकापाव' झाला. मालवणी 'रामा' झाला; गड्याचे नाव विठू असो की बाबू असो, शेठाणीची हाक 'रामा' हीच. माणसाचे नाव काढून घेणे ही मालकाची जुनी सोय आहे.

गोवेकराच्या हसऱ्या चित्रामागेही मजुरीच दडलेली आहे. १९७३ च्या 'बॉबी'तला ब्रिगँझा प्रेक्षकांना पाठ असतो. पण शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन करणारे सबॅस्टियन डिसोझा किंवा माजोर्ड्याहून आलेले अँथनी गोन्साल्विस यांची नावे किती जणांना ठाऊक असतात? हिंदी चित्रपटाने गोवेकराच्या हाती बाटली दिली आणि त्याचे व्हायोलिन पडद्यामागे ठेवले.

मग एकाचे चित्र रंगीत आणि दुसऱ्याचे फिके का? याचे उत्तर पैसा कोणत्या दिशेने वाहतो यात सापडते. १९६१ पूर्वी गोवेकरही मुंबईत पोट भरायलाच येत असे, आणि तेव्हा मुंबईच्या लेखी तो आचारी, बटलर, बँडवाला आणि मद्यपी एवढाच होता. गोवा मुक्त झाला, साठीच्या दशकाच्या अखेरीस कळंगुट-हणजुण्याच्या वाळूवर परदेशी हिप्पी येऊ लागले, पाठोपाठ हॉटेले आली आणि मुंबईकर पैसे घेऊन तिकडे जाऊ लागला. पाहता पाहता त्याच गोवेकराची सुस्ती ही जीवन जगण्याची कला ठरली! गोवेकर बदलला नव्हता. त्याच्याकडे जाणाऱ्याचा हेतू बदलला होता. मालवणचा माणूस मात्र मजुरी मागायलाच येत राहिला, म्हणून त्याचे चित्रही मजुराचेच राहिले.

ही खोड मुंबईचीच आहे असे नाही. साम्राज्याच्या राजधानीत ती अधिक सफाईने दिसते. इंग्रज माणसाला ऑस्ट्रेलियन म्हटला की लगेच एक इसम डोळ्यांसमोर उभा राहतो: रांगडा, मोठ्याने बोलणारा, वरिष्ठाला न जुमानणारा, कैद्यांचा वंशज म्हणून चिडवण्याजोगा आणि तरीही आपला. कॅनेडियन म्हटला की काहीच उभे राहत नाही. सभ्य, थंड, बहुधा अमेरिकनच समजला जाणारा कोणीतरी. याचे कारण या दोन देशांत शोधून सापडणार नाही. ऑस्ट्रेलियाशी इंग्लंडचे १८८२ पासून 'अ‍ॅशेस'चे वैर आहे आणि १९३२-३३ च्या बॉडीलाइन दौऱ्यात त्या वैराने राजनैतिक कटुतेपर्यंत मजल मारली. दुसऱ्या महायुद्धानंतर अवघ्या दहा पौंडांत दहा लाखांहून अधिक ब्रिटिश ऑस्ट्रेलियास गेले, त्यामुळे अनेक घरांत तिकडचे पत्र येई. कॅनडाशी असा खेळ नाही, भांडण नाही; जे आहे ते अमेरिकेच्या सावलीत. १९१५ चे गॅलिपोली ऑस्ट्रेलियाच्या नावावर सर्वांना आठवते. पण १९ ऑगस्ट १९४२ रोजी दिएपच्या किनाऱ्यावर उतरवलेल्या सुमारे पाच हजार कॅनेडियन सैनिकांपैकी नऊशेहून अधिक एका दिवसात मेले, हे किती इंग्रजांना चटकन सांगता येईल? आणि त्या दोन चित्रांखाली झाकलेले सत्य तर एकच आहे. सभ्य कॅनडाने मूलनिवासींची मुले आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडली. रांगड्या, मोकळ्याढाकळ्या ऑस्ट्रेलियानेही आपल्या मूलनिवासींच्या मुलांना तसेच हिरावून नेले.

मालवणने तर या इंग्रजी नजरेचा अनुभव स्वतःच घेतलेला आहे. अठराव्या शतकातील कंपनीच्या कागदांत मालवणचे दर्यावर्दी म्हणजे चाचे. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असे नाव दिले. पुढे तो कोल्हापूरकरांना परत करावा लागला. १८१२ मध्ये मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले. नंतरच्या काळात याच चाच्यांच्या मुलखातून, म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून, मुंबईच्या फौजेची भरती मोठ्या प्रमाणावर होऊ लागली आणि कोकणचा शिपाई चिवट व इमानी ठरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढाऊ जमातींचे शास्त्र निघाले आणि ज्या महार शिपायांनी कंपनीच्या लढाया लढल्या होत्या त्यांची भरती थांबवण्यात आली. साहेबाला आरमाराची भीती होती तेव्हा मालवणी क्रूर होता, शिपाई हवे होते तेव्हा शूर झाला, शिपाई नको झाले तेव्हा ते शौर्यही आटले. मग याच 'मुकाट' माणसांनी १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह केला आणि लाठ्या खाल्ल्या. ती आठवण मुंबईच्या चित्रात कोठे बसवायची?

ही चर्चा केवळ मानापमानाची असती तर साप्ताहिकाची जागा तिच्यावर खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु चित्र एकदा राज्यकर्त्यांच्या डोक्यात बसले की त्याचे अंदाजपत्रक होते. मालवणी माणूस मुंबईत राबतो आणि मनिऑर्डर धाडतो, म्हणून त्याच्या गावी कारखाना नको, महाविद्यालय नको, दवाखाना नको, ही समजूत मंत्रालयात कित्येक दशके नांदली. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्राध्यापक मधु दंडवते यांनी १९५७ ते १९९१ या काळात राजापूर मतदारसंघातून लोकसभेत ही समजूत खोडून काढण्याचा अविरत प्रयत्न केला. कोकण रेल्वेचे नाव काढले की हसणारी माणसे तेव्हा दिल्लीतच नव्हे, मुंबईतही होती. संपूर्ण मार्ग खुला झाला तो १९९८ च्या जानेवारीत. दरम्यान १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून विझल्या आणि मनिऑर्डरच बंद पडली. चित्र तेवढे शिल्लक राहिले.

आकडे पाहावेत. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्गाचे ५,२०७. म्हणजे जमिनीने सिंधुदुर्ग मोठा. पण गोव्याला चाळीस आमदारांची स्वतःची विधानसभा आहे, आणि सिंधुदुर्गाचे महाराष्ट्राच्या दोनशे अठ्ठ्याऐंशींत आमदार तीन. २००१ ते २०११ या दशकात सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर उतरली. देशाची वाढत असताना या जिल्ह्याची घटली. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,३८,१७० गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने आणि १,७२,१९१ जणांनी विरुद्ध मत दिले. महाराष्ट्रातील बहुतेक सर्व पक्षांना तो कौल त्या वेळी बोचला. परंतु विरोधात मत देणाऱ्याला खाडीच्या अलीकडचा रत्नागिरी जिल्हा दिसत नव्हता, असे कोण म्हणेल?

सर्वांत कडवट उदाहरण आजारपणाचे. गोव्यात वैद्यकीय शाळा निघाली १८४२ साली. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये स्थापन झाला आणि ओरोसचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास २०२१ साल उजाडावे लागले. मधल्या चाळीस वर्षांत अपघात झाला, बाळंतीण अडली, डोक्याला मार लागला, की रुग्णवाहिकेचे तोंड बांबोळीकडे. २०१८ च्या आरंभी गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. गोव्यावर रागावणे सोपे होते. पण आपल्या नागरिकांच्या उपचारांचा भार शेजारच्या चिमुकल्या राज्यावर टाकून स्वस्थ बसलेले सरकार मुंबईत होते.

आणि आता याच मुंबईने सिंधुदुर्गाला नवे चित्र देऊ केले आहे. १९९७ मध्ये हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. तेव्हापासून 'सिंधुदुर्गाचा दुसरा गोवा करू' हे वाक्य प्रत्येक पक्षाच्या सभेत टाळ्या घेते. मालवणी पुढारीही ते अभिमानाने उच्चारतात. कालपर्यंत ज्याला रामा म्हणून हाक मारली त्याने आता 'येवा, कोकण आपलाच आसा' असे म्हणत दारात उभे राहावे, हा बढतीचा हुकूम समजायचा काय? घरगड्याचा वेटर होण्यात गणवेश बदलतो, मालक बदलत नाही.

पर्यटन नको असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मालवण-तारकर्लीच्या कोळी-गाबीत कुटुंबांनी स्वतःच्या घरांत न्याहारी-निवासाची सोय केली, त्यांच्या मुलांनी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रतळाची सफर घडविण्याचे कसब शिकून घेतले, त्यांच्या बायकांच्या हातच्या जेवणाला रोख पैसे मिळू लागले. हा उद्योग त्यांचा आहे, कारण घर त्यांचे, होडी त्यांची आणि किनाराही अजून त्यांचा. सरकारला 'गोवा' म्हणताना हे अभिप्रेत नसते. त्याला शिरोडा-वेळागर अभिप्रेत असते. तेथे तारांकित हॉटेलासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी नव्वदीच्या दशकात संपादित झाल्या, आणि हॉटेल नाही, जमीन नाही, अशा अवस्थेत गावाने दशके काढली.

खऱ्या गोव्याकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते सत्तरीच्या दशकात तेथल्या रापणकारांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध उभारलेल्या लढ्यात आहे. किनाऱ्यालगतचा समुद्र लहान मच्छीमारासाठी राखून ठेवावा ही त्यांची मागणी होती. तीच मागणी आज मालवण, आचरे, देवगडचा रापणकार करतो. २०१६ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. कागदावर ते कडक आहेत, पण गस्तीच्या नौका अपुऱ्या आणि परराज्यांतील वेगवान ट्रॉलर मोकाट. रात्री झगमगत्या दिव्यांनी मासळी ओढणाऱ्या नौकांचे उजेड किनाऱ्यावरून मोजता येतात. सरकारला दिसतो तो दिवसाचा, पर्यटकाचा समुद्र.

चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये वाजतगाजत सुरू झाला. त्यानंतर पंधरा महिन्यांत तेरेखोलपलीकडे मोपाचा विमानतळ उघडला. सावंतवाडीच्या रेल्वे टर्मिनसचे भूमिपूजन २०१५ चे. ते पुरे करा म्हणून प्रवासी संघटना त्यानंतर दशकभर निवेदने देत राहिल्या. ज्या मुलांनी मुंबई गाठण्याचा विचार सोडला त्यांनी त्या टर्मिनसची वाट पाहिली नाही. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग येथून पहाटे मोटारसायकली निघतात आणि गोव्यातील कारखान्यांच्या, औषध कंपन्यांच्या, हॉटेलांच्या फाटकांवर थांबतात. तेथे त्यांना 'भायले' म्हणतात. संध्याकाळी ती मुले पत्रादेवीच्या नाक्यावरून परत अलीकडे येतात, आणि त्यांच्यासाठी ना गोव्याच्या विधानसभेत कोणी बोलते, ना मुंबईच्या.