पडद्याआडचा उकाडा

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे एक नवा शब्द रुळलाय, कॅरव्हॅन. म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायची जागा, छोटंसं स्वयंपाकघर, न्हाणीघर. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याची चर्चा जास्तच वाढली. आता ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत ते छतावर सौर पॅनेल लावून घेतात, आत मोठी बॅटरी ठेवतात आणि कमी विजेत चालणारा एसी बसवतात. गाडी उभी करा, इंजिन बंद करा आणि रात्रभर गार हवेत झोपा!

आमच्या बचत गटात हा विषय निघाला तेव्हा एकीने मान उडवली. "ताई, हे श्रीमंतांचे चोचले. आपल्याला काय करायचंय?" तिचं म्हणणं वरवर बरोबर आहे. बुवापाड्यात पत्र्याखाली संसार करणाऱ्या बाईला चाकांवरच्या बंगल्याचं काय कौतुक असणार? पण मला त्या बातमीत वेगळंच काही दिसलं. सहलीच्या गाडीला जी सोय आज मिळते, ती आपल्या वस्त्यांमध्ये बायकांसाठी येणाऱ्या गाड्यांना आधी मिळायला हवी होती.

कुठल्या गाड्या म्हणाल तर फिरता दवाखाना, कर्करोग तपासणीची गाडी, रक्तदानाची गाडी, फिरतं स्वच्छतागृह. चाकांवर सेवा नेण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. 1991 मध्ये इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन आणि रेल्वे यांनी मिळून 'लाइफलाइन एक्स्प्रेस' हे रुळांवरचं रुग्णालय सुरू केलं. खेडोपाड्यांतल्या स्टेशनांवर ही गाडी उभी राहते आणि डब्यातल्या शस्त्रक्रियागृहात ऑपरेशनं होतात. ते शस्त्रक्रियागृह वातानुकूलित आहे म्हणून कुणी त्याला चैन म्हणत नाही. मुंबई-पुण्यात 'डोअर स्टेप स्कूल'ने बसमध्येच वर्ग भरवले. आणि पुण्यात 2016 साली उल्का सादळकर आणि राजीव खेर यांनी जुन्या, भंगारात निघालेल्या बसगाड्यांमधून बायकांसाठी स्वच्छतागृहं उभी केली. नाव दिलं 'ती'. पाच रुपयांत स्वच्छ जागा, हात धुवायला बेसिन, बाळाचे कपडे बदलायची सोय. आणि आतल्या दिव्यांसाठी वीज कुठून, तर छतावरच्या सौर पॅनेलमधून. सॅन फ्रान्सिस्कोत बेघर लोकांसाठी जुन्या बसमध्ये न्हाणीघरं केली होती, तिथून त्यांना ही कल्पना सुचली. जुनी बस, वर ऊन, आत बायकांची गरज. इतकी साधी गोष्ट.

आता मुद्द्याचं सांगते. बाईच्या कामाच्या गाडीत एक अडचण असते, ती सहलीच्या गाडीतही नसते आणि पुरुषांच्या रांगेतही नसते. खिडकी उघडता येत नाही! तपासणीसाठी ब्लाऊज काढायचा असतो, तान्ह्याला पाजायचं असतं, लघवीचा नमुना द्यायचा असतो. मग पडदा ओढायचा, काच लावायची, दाराला कडी घालायची. पडदा ओढला की वारा बंद. वर पत्रा, बाहेर मे महिन्याचं ऊन. अंबरनाथ-बदलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळीसच्या पुढे जातो, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. अशा बंद डब्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चढंच राहतं. दुसऱ्या कुणाला एसी ही चैन असेल, पण इथे तो लाज राखण्याच्या सोयीचा भाग आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत एका संस्थेची तपासणी गाडी आली होती. स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, तीही मोफत. आम्ही आठवडाभर दारोदार फिरून बायकांना तयार केलं होतं. हे किती अवघड असतं ते या कामात असलेल्या मैत्रिणींना माहीत आहे. "मला काही होत नाही," "घरच्यांना विचारते," "तिथे डॉक्टर बाई आहे ना?" अशा शंभर प्रश्नांतून जावं लागतं. गल्ल्या अरुंद, म्हणून गाडी मुख्य रस्त्यावर उभी राहिली, भर उन्हात. मागे जनरेटर सुरू झाला. अर्ध्या तासात शेजारच्या दुकानदारांनी आवाजाची आणि धुराची तक्रार केली, जनरेटर बंद झाला आणि त्याबरोबर एसीही. दुपारी बारानंतर आत गेलेली बाई घामाने निथळत बाहेर यायची. एका गरोदर सुनेला घेरी आली. आतल्या डॉक्टर बाई बिचाऱ्या दर दोन तपासण्यांनंतर बाहेर येऊन पाणी पीत होत्या. रांगेतल्या निम्म्या बायका "परत येऊ" म्हणून गेल्या. परत कोण येतं? भारतीय बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचा, आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता किती तरी वाढते. नावं नोंदवून तपासणी न करता गेलेल्या त्या बायकांचं मला आजही वाटतं.

"जनरेटर नीट चालवला असता तर?" असं कुणी म्हणेल. पण जनरेटरचा धोका फक्त आवाजाचा नसतो. डिसेंबर 2024 मध्ये केरळात वडकरा इथे उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. बंद गाडीत, बंद खिडक्यांमागे आपल्या आयाबहिणींना बसवायचं आणि शेजारी धूर सोडणारं यंत्र ठेवायचं, हे मला पटत नाही. इंजिन चालू ठेवून गाडीचा एसी चालवला, तर तोच धूर, वर डिझेलचा खर्च. खर्च परवडेना की पहिला बंद होतो तो एसीच.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो आपल्याच भागातून येतो. ऑगस्ट 2022 मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या तेव्हा बदलापूर आणि कळव्याच्या प्रवाशांनी आंदोलन केलं आणि मध्य रेल्वेला नव्याने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. "बघा, सामान्य माणसाला एसी नकोच आहे," असा अर्थ काहींनी काढला. मला तो मान्य नाही. राग गारव्यावर नव्हता. हक्काची साधी गाडी गेली आणि महागडी आली, यावर होता. म्हणून तपासणी गाडीत एसी बसवताना हा धडा लक्षात ठेवावा लागेल. एसीमुळे गाडीच्या फेऱ्या कमी झाल्या किंवा बाईकडून पैसे मागितले गेले, तर तो एसी आपल्याला नकोच. वीज छतावरून आली, तर रोजचा डिझेलचा खर्च उरत नाही आणि फेऱ्या कापायचं कारणही उरत नाही.

मग हे जमतं का? जमतं, पण क्रमाने. इथेच बहुतेक जण घसरतात. आधी मोठा एसी घेतात, मग त्याला पुरेल इतकं सौर शोधत बसतात. आपण घरात कसं करतो? आधी भोक बुजवतो, मग पाणी भरतो. तसंच इथे. पहिलं काम छताचं. वरून पांढरा रंग, आतून उष्णता अडवणारा फोमचा थर, काचांना परावर्तक पडदे. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा केला, पुढे तिथल्या गरीब वस्त्यांत छतं पांढरी करण्यावर भर दिला गेला. तोच उपाय गाडीच्या टपालाही लागू पडतो. दुसरं काम पंख्याचं. छतातून गरम हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा फारच थोडी वीज खातो, आणि त्याने पडदा उघडावा लागत नाही. तिसरा नंबर एसीचा. चौथा सौर पॅनेलचा.

एसी निवडताना 'टन' या शब्दाला घाबरायचं कारण नाही. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर काढणारा तो एक टनाचा एसी. उत्तम थर दिलेल्या लहान गाडीला तेवढा पुरतो. तो इन्व्हर्टर जातीचा हवा, म्हणजे खोली गार झाली की यंत्र बंद न होता मंद चालतं आणि वीज वाचते. लेबलवरचे तारे बघायचे आणि त्याबरोबर लेबलवरचं वर्षही बघायचं, कारण ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक केले जातात. जानेवारी 2020 पासून तारांकित एसी सुरू केल्यावर आपोआप 24 अंशांवर लागतो. तो तिथेच राहू द्यावा. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशेब आहे. तपासणीला आलेल्या बाईला हुडहुडी भरवायची नाही, तिला घाम येऊ नये इतकंच हवंय.

आता सौरचा हिशेब. किराण्याच्या यादीसारखाच तो मांडता येतो. मध्यम व्हॅनच्या टपावर 400 वॅटची तीन पॅनेल बसतात, म्हणजे 1200 वॅट. उन्हाळ्यात त्यातून दिवसाला चार-साडेचार युनिट वीज मिळते असं धरू. पॅनेल सपाट असतं, तापतं, त्यावर धूळ बसते, म्हणून हात आखडूनच धरायचं. एक टनाचा चांगला एसी सरासरी 600 वॅटने सहा तास चालला तर 3.6 युनिट. दिवे, पंखे आणि लहान फ्रिज मिळून अर्धं-पाऊण युनिट. जमा-खर्च जेमतेम जुळतो. म्हणून जोडीला बॅटरी हवी. लिथियमची 48 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची बॅटरी साधारण पाच युनिट साठवते, आणि ती रात्री दवाखान्याच्या प्लगवरही भरून ठेवता येते. ढगाळ दिवशी तोच आधार. बस मोठी असेल तर टपावर तिप्पट पॅनेल बसतात आणि हिशेब सैल होतो. शिवाय पॅनेल आणि पत्रा यांच्यात चार बोटं फट ठेवली, तर पॅनेलची सावलीच टप गार ठेवते. एका दगडात दोन पक्षी.

सौर म्हणजे जादू नव्हे, हेही सांगायला हवं. जुलै 2017 मध्ये रेल्वेने दिल्लीत सौर पॅनेलची डिझेल गाडी सुरू केली. दर डब्यावर 300 वॅटची 16 पॅनेल होती, आणि त्यांच्यावर डब्यातले दिवे आणि पंखे चालत. एवढ्या मोठ्या छतावरही उद्दिष्ट दिवे-पंख्यांचंच होतं. एसी हा विजेचा खादाड पाहुणा आहे. त्याचं पोट आधी लहान करावं लागतं, मगच त्याला घरात घ्यावं. आणखी एक गंमत. पॅनेलला ऊन हवं आणि रांगेतल्या बाईला सावली हवी. गाडी झाडाखाली लावली तर वीज नाही, उन्हात लावली तर रांग भाजते. उपाय साधा आहे: गाडी उन्हात आणि तिच्या बाजूला बाहेर ओढता येणारी कापडी कनात. कॅरव्हॅनवाल्यांकडे ती असतेच. आपल्या गाड्यांना ती लावायला कुणी सुचवत नाही, कारण गाडीची यादी करणाऱ्यांत रांगेत उभी राहणारी बाई नसते.

माझं खरं म्हणणं इथे येऊन थांबतं. आपल्याकडे गाडी घ्यायला पैसे मिळतात, लोकप्रतिनिधींचा निधी असतो, कंपन्यांचा सामाजिक निधी असतो. फीत कापली जाते, फोटो छापून येतो. पण पुढच्या पाच वर्षांचा खर्च कुणाच्या वहीत नसतो. पॅनेल दर पंधरवड्याला पुसावी लागतात, एसीची जाळी धुवावी लागते, वायर सैल झाली तर बघायला माणूस लागतो. हे न लिहिता घेतलेली गाडी दोन पावसाळ्यांत गोदामात जाऊन बसते.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या नगरपालिकेत, महापालिकेत किंवा एखाद्या संस्थेत अशी गाडी घ्यायचं घाटत असेल, तर चार प्रश्न जरूर विचारा. इंजिन आणि जनरेटर बंद ठेवून आतला एसी किती तास चालेल? छताला उष्णता अडवणारा थर दिलाय का? रांगेसाठी सावली आहे का? आणि देखभालीचे पैसे कोणत्या खात्यातून, किती वर्षं? उत्तरं तोंडी घेऊ नका, निविदेत लिहून घ्या. उल्हासनगर-अंबरनाथला कारागिरांची वाण नाही. हे काम इथल्याच एखाद्या शेडमध्ये होईल, आणि आयटीआय झालेल्या आपल्या मुली ते करू शकतील.

सहलीला जाणाऱ्यांनी खुशाल गार झोपावं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्याच छताची, त्याच उन्हाची सोय पडद्याआड बसलेल्या बाईलाही मिळायला हवी. ती मागायला लाजू नका.