ठोसा रागाचा नसतो

“मुलीला बॉक्सिंगला घातलंस आणि स्वतःही जातेस? उद्या पोरगी घरात हात उगारायला लागली म्हणजे कळेल,” असं आमच्या आत्याबाईंनी हळदीकुंकवाला चार बायकांदेखत सुनावलं. मी ते हसण्यावारी नेलं नाही, कारण हा आक्षेप त्यांच्या एकट्यांचा नाही. चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही बॉक्सिंगबद्दल दोन समज पक्के आहेत: त्याने माणूस हिंसक होतो आणि डोक्याला मार बसून मेंदू खराब होतो.

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण त्यात तथ्य आहे. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूला इजा होते. अमेरिकेतले डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ साली मुष्टियोद्ध्यांच्या या विकारावर लिहिलं, तेव्हापासून डॉक्टरांना ते ठाऊक आहे. हेडगार्ड घातलं की काळजी मिटली, असं सांगणाऱ्याकडे आपलं मूल पाठवू नये. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका काही थांबत नाही. पण हे सगळं झालं लढतीबद्दल. व्यायामासाठी येणाऱ्याला डोक्यावर एकही ठोसा खावा लागत नाही. दोरी, आरशासमोरचं शॅडो बॉक्सिंग, बॅग, सरांच्या हातातले पॅड, यांतलं काहीच उलटून मारत नाही. स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करायचं की नाही, हा वेगळा निर्णय. माझ्या मुलीने तो अजून घेतलेला नाही आणि मी तो घेणार नाही.

मेंदूचाच विषय निघाला आहे, तर इंडियानापोलिसचंही सांगायला हवं. तिथे २००६ साली ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ सुरू झालं ते पार्किन्सनच्या रुग्णांसाठी, आणि सुरू करणाऱ्यांतही एक रुग्णच होता. तिथे कुणी कुणाला मारत नाही. पाऊल टाकायचं, तोल सांभाळायचा, सांगितलेल्या क्रमाने ठोसे मारायचे. आजार त्याने बरा होत नाही. पण तो जे हिरावून घेतो, तो तोल आणि ती चाल, नेमकी त्यांचीच तिथे मशागत होते. बॉक्सिंग म्हणजे मेंदूचा शत्रू, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता हिंसेचा मुद्दा. इथे माझं भांडण बॉक्सिंगच्या कैवाऱ्यांशीही आहे. “राग आलाय? काढ बॅगवर, मोकळी होशील,” हा सल्ला मला डझनभर लोकांनी दिला असेल. तो चुकीचा आहे. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आधी विद्यार्थ्यांना चिडवलं. मग काहींना, चिडवणाऱ्या माणसाला मनात आणून बॅगवर ठोसे मारायला सांगितलं. त्यांचा राग उतरला नाही. नुसतं शांत बसलेल्यांपेक्षा तेच जास्त रागात राहिले. म्हणजे आत्याबाईंची भीती अगदीच निराधार नाही. मनात माणूस धरून ठोसे मारले तर रागाचाच सराव होतो.

चांगल्या वर्गात मात्र असा सराव करूच देत नाहीत, कारण रागाचा ठोसा मुळात वाईट पडतो. राग आला की खांदे कानांपर्यंत चढतात, श्वास कोंडतो, हनुवटी वर येते. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारायचा तर खांदा सैल हवा, मूठ शेवटच्या क्षणी आवळायची, नाकातून ‘हुस्स’ करत श्वास सोडायचा आणि हात गेला त्याच वाटेने परत गालाशी आणायचा. क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, तर हाताने मारतच नाहीत म्हटलं तरी चालेल. मागच्या पायाचा चवडा जमिनीत रुततो, टाच वळते, कंबर वळते, खांदा त्यामागून येतो आणि मूठ सगळ्यांत शेवटी. पहिल्या महिन्यात माझे दंड नाही, पोटऱ्या आणि बरगड्यांच्या बाजू दुखल्या. तीन मिनिटांची राउंड आणि एक मिनिट विश्रांती, एवढंच माप. पण तिसऱ्या राउंडच्या दुसऱ्या मिनिटाला हात शिसं भरल्यासारखे होतात. त्या वेळी बॉसचा चेहरा, थकलेला हप्ता, कुणाचा टोमणा, यांतलं काहीही डोक्यात मावत नाही. श्वास मोजायचा आणि हात खाली येऊ द्यायचा नाही, एवढंच उरतं. मनाला मिळणारी विश्रांती मी यालाच म्हणते. भडास काढण्याशी तिचा काही संबंध नाही.

ही विश्रांती सुरू होते हाताला बँडेज बांधण्यापासून. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या सांध्यांवरून, मग एकेका बोटामधून. घाईत बांधलं तर सैल पडतं आणि सोडून पुन्हा बांधावं लागतं.

परवा मुलगी घरून भांडून आली होती. बॅगवर तुटून पडली, धाडधाड आवाज सगळ्या हॉलभर. सरांनी दोन मिनिटं पाहिलं आणि बॅग हाताने धरून थांबवली. “खांदे बघ कुठे गेलेत. ग्लोव्ह काढ, दोरी घे.” चार राउंड तिने नुसती दोरी मारली. मग सरांनी तिला परत बॅगसमोर उभं केलं. फक्त जॅब, तोही निम्म्या जोराने.