भूक मारून वजन उतरत नाही



लग्नसराई जवळ आली की आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुलींचे ताट रिकामे होऊ लागते. पाहुणे मुलगी पाहून जातात आणि जाता जाता 'जरा अंगाने भरलेली आहे' एवढे बोलतात. त्या दिवसापासून भात बंद, भाकरी बंद. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री नुसता चहा. महिन्याभरात दहा किलो उतरवून देण्याची हमी देणारे पावडरीचे डबेही बाजारात आहेत. कर्ज काढून ते घेणारी घरे आहेत. म्हणून या वेळी हा विषय.

वजनाचा हिशेब जमाखर्चाच्या वहीसारखाच असतो. खाल्लेले अन्न ही जमा, केलेले काम हा खर्च आणि जी शिल्लक राहते ती चरबी होऊन अंगावर साठते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी पडतील असे खाणे-चालणे ठेवले, तर आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरते. अर्धा ते एक किलो हीच सुरक्षित गती.

मग उपाशी राहणाऱ्याचे चार दिवसांतच दोन किलो कसे उतरतात? ते बहुतेक पाणी असते. जेवण सुरू झाले की ते परत येते. उपासमार पुढे चालू राहिली तर शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळू लागते. म्हणजे घरखर्चासाठी घराचे वासे विकण्यासारखेच! स्नायू घटले की शरीराचा रोजचा खर्चही घटतो. त्यामुळे पुन्हा पोटभर जेवताच गेलेले वजन झपाट्याने भरून येते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. चक्कर येते, पाळी चुकते, दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. वजन फार वेगाने उतरले तर पित्ताशयात खडे होतात. अंगातले क्षार कमी झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेत १९७६ नंतर जेवण बंद करून नुसती पातळ प्रथिने पिण्याचे खूळ निघाले होते. त्यात पन्नासहून अधिक माणसे दगावल्याची नोंद झाली.

आपल्या भगिनींना तर हा धोका जास्तच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्या शरीरात आधीच रक्त नाही, त्याला उपाशी ठेवून काय मिळणार? गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी तर हे मनातही आणू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण टाळले तर रक्तातली साखर एकदम उतरून शुद्ध हरपू शकते. वर्षावासात अष्टशील पाळून दुपारनंतर न जेवणारे जे उपासक-उपासिका अशी औषधे घेतात, त्यांनीही आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अष्टशील हे शीलासाठी आहे, वजन उतरवण्यासाठी नाही.

याचा अर्थ वाढलेले वजन तसेच राहू द्यावे असा नाही. शिंप्याच्या टेपने पोटाचा घेर मोजा. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचा ८० च्या वर गेला असेल, तर मधुमेह, रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो. पण सत्तर किलोच्या माणसाने चार-पाच किलो उतरवून ते टिकवले, तरी पुष्कळ फरक पडतो.

ते कसे उतरवावे, याचा दाखला धम्मात आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर तांदळाचा भात खाई. एकदा असाच जेवून, धापा टाकत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला उपास सांगितला नाही. जेवताना भान ठेवावे, प्रमाण ओळखावे, एवढाच उपदेश केला. राजाने तो सुदर्शन नावाच्या तरुणाकडून पाठ करवून घेतला आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला लावला. हळूहळू त्याचा आहार नाळीभर तांदळावर, म्हणजे कितीतरी लहान मापावर आला आणि अंग हलके झाले. उरुवेला येथे स्वतः सिद्धार्थ गौतमांनी उपासमारीने देहाचा सापळा करून पाहिला होता. तो मार्ग व्यर्थ आहे हे ओळखून त्यांनी सुजाताची खीर स्वीकारली. बाबासाहेबांनीही हा प्रसंग आपल्या ग्रंथात दिला आहे. अतिरेक दोन्हीकडचा नको.

आता घरातला हिशेब करू. दिवसाला सहा कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर रोजच्या सुमारे २४० कॅलरी झाल्या. महिन्याला ७,२०० म्हणजे जवळजवळ एक किलो चरबी! निम्मी साखर कमी करायला पैसा लागत नाही, उलट वाचतो. तेल बाटलीतून न ओतता चमच्याने मोजून घ्या, कारण १० ग्रॅम तेलात ९० कॅलरी असतात. भात एक वाटी कमी करा, पण मटकी, चवळी, डाळ किंवा अंडे ताटात वाढवा. त्याने पोट भरते आणि स्नायू टिकतात. पालेभाजी रोज असावी. वडापाव, फरसाण कधीतरी. घरातल्या बाईने सगळ्यांच्या मागून उरलेसुरले संपवत बसू नये, सर्वांबरोबर ताट वाढून घ्यावे. रोज अर्धा तास भरभर चालावे. वजन आठवड्यातून एकदाच पाहावे.

शेवटी मुलांच्या आई-वडिलांना विनंती. बाबासाहेबांनी आपल्या मुलींच्या हातात पुस्तक दिले. स्थळ पाहायला जाल तेव्हा तिचे शिक्षण विचारा, विचार विचारा. तिच्या अंगाचे माप काढू नका. आणि मुलींनो, कुणाच्या एका शब्दापायी ताटावरून उठू नका. शरीर धडधाकट असेल तरच शिक्षण, नोकरी आणि चळवळ पुढे नेता येईल.

जयभीम!