पॉली तार आणि आपला कोपर

आठवड्यातून तीन सकाळी डबल्स खेळणारा चाळिशीतला माणूस नवी रॅकेट घ्यायची ठरवतो, तेव्हा महिनाभर अभ्यास करतो. फ्रेमचे वजन किती, हेड किती इंचांचे, कोणता विजेता ती वापरतो, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. 15-20 हजार रुपये मोजताना त्याचा हात अडखळत नाही. मग दुकानदार विचारतो, ‘‘गटिंग कुठलं टाकू? किती पौंडावर?’’ आणि महिनाभर अभ्यास केलेला हा गृहस्थ दोन सेकंदांत सांगून मोकळा होतो, ‘‘पॉली टाका, 55 वर.’’ टीव्हीवरचे सगळे तेच टाकतात ना! माझ्या मते इथे घोडा गाडीच्या मागे जुंपला गेला आहे. चेंडूला फ्रेम लागत नाही, आणि लागली तर तो पॉइंट गेलाच समजायचा. चेंडूला लागते ती तार. हौशी खेळाडूने डोके आणि पैसा आधी तारेवर खर्च करावा, उरला तर फ्रेमवर. आणि त्या तारेत पॉलिएस्टर शक्यतो नसावे.

‘गटिंग’ या शब्दातच या तारेचा जुना इतिहास आहे. पूर्वी रॅकेट विणली जायची ती जनावराच्या आतड्यापासून केलेल्या तातीने. पिंजाऱ्याच्या धनुकलीला लागायची त्याच जातीची तात. फ्रान्समधल्या लिऑनच्या बाबोला घराण्याने 1875 पासून टेनिससाठी ती बनवायला घेतली. पुढे नायलॉन आले, त्याला ‘सिंथेटिक गट’ म्हणू लागले, आणि आज पूर्ण प्लॅस्टिकची तार ओढून घेतानाही आपण गटिंगच म्हणतो. पॉलिएस्टरचा जमाना सुरू झाला तो 1997 च्या फ्रेंच ओपनपासून. जागतिक क्रमवारीत 66 वा असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन लक्सिलॉन या बेल्जियन कंपनीची पॉली तार लावून खेळला आणि थेट विजेता झाला. 2002 मध्ये आंद्रे आगासी त्या तारेकडे वळला आणि मग बाकीच्यांना मागे राहणे परवडेना.

या तारेत जादू नाही, पण करामत आहे. चेंडूला खालून वर घासत फटका मारला, की उभ्या तारा बाजूला ओढल्या जातात. पॉली तार ताठ आणि गुळगुळीत असते, त्यामुळे ती आडव्या तारांवरून सरकते आणि चेंडू अजून रॅकेटवर असतानाच झटक्यात जागेवर परतते. परतताना चेंडूला जास्तीचा पीळ देऊन जाते. नायलॉनची तार सरकते, पण तशी परतत नाही. म्हणून तर दोन पॉइंटांच्या मध्ये बोटांनी तारा सरळ करत उभे राहण्याची आपल्याला सवय लागली. पॉलीच्या बाजूने जे बोलले जाते, ते एवढ्यापुरते खरे आहे.

पण ही करामत ताज्या तारेची आहे. पॉली रॅकेटवर चढल्यापासून ढिली पडू लागते, न खेळतासुद्धा. खेळल्यावर जिथे उभी आणि आडवी तार एकमेकींना घासतात, तिथे बारीक खाचा पडतात. खाचेत अडकलेली तार सरकत नाही, सरकली तर परतत नाही. म्हणजे जिच्यासाठी पॉली घेतली ती स्पिन गेली, आणि ताठपणा तेवढा शिल्लक राहिला. व्यावसायिक खेळाडूला याचे काही वाटत नाही. सामन्यात पहिल्या 7 गेमनंतर आणि पुढे दर 9 गेमनंतर नवे चेंडू येतात, तेव्हा त्यांच्यातले बरेच जण नव्याने विणलेली रॅकेट काढतात. त्यांच्या पॉलीचे आयुष्य तासाभराचे. आपली पॉली दिवाळीला घातलेली असते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत चालते, कारण ती तुटत नाही. विजेत्याची तार आपण उचलली, तिचे वेळापत्रक मात्र उचलले नाही.

‘तुटत नाही’ हाच अनेकांच्या लेखी पॉलीचा मोठा गुण आहे. वारंवार गटिंगचा खर्च कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. पण बिनतुटीची तार मेली की नाही हे कळतच नाही, हा तिचा खरा तोटा. जो महिन्याला तारा तोडतो त्याने टिकाऊपणा जरूर पाहावा. डबल्समध्ये व्हॉली आणि लॉब यांवर गुजराण करणाऱ्या माणसाचे सिंथेटिक गटही सहज कित्येक महिने चालते, आणि ते काहीशे रुपयांत होते. बचतच करायची तर ती 20 हजारांच्या फ्रेममध्ये जास्त होईल.

आता कोपर. चेंडू तारांवर असतो तो जेमतेम 4-5 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात त्याला थांबवून उलटे पाठवायचे असते. तार लवचिक असेल तर हा काळ थोडा लांबतो आणि धक्क्याचे टोक बोथट होते. तार ताठ असेल तर तोच धक्का कमी वेळात, जास्त जोराने मनगटाकडे येतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नियमानुसार टेनिसचा चेंडू 254 सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला तर 135 ते 147 सेंटिमीटरच उसळतो, म्हणजे चपटा होताना तो जवळजवळ निम्मी ऊर्जा गमावतो. तारा त्या मानाने फारच थोडी गमावतात. म्हणून तारेला जास्त लवू द्या, चेंडूला कमी चपटे होऊ द्या, आणि फटका थोडा का होईना जास्त वेगाने जाईल. ‘जोर हवा तर कडक ओढा’ ही क्लबवरची समजूत नेमकी उलटी आहे.

यावर जाणकार म्हणतील, की ढिल्या तारेने नियंत्रण जाते. पहिले दोन-चार दिवस चेंडू लांब जातो खरा. पण आपण ज्याला नियंत्रण म्हणतो ते एक-दोन पौंडांवर ठरते, हे मानायला मी तयार नाही. ऑस्ट्रेलियातले संशोधक रॉड क्रॉस आणि रॉबर्ट बोवर यांनी चांगल्या खेळाडूंच्या हाती वेगवेगळ्या ताणाच्या रॅकेट देऊन पाहिल्या, तर बहुतेकांना 11 पौंडांपर्यंतचा फरकही ओळखता आला नाही. या प्रयोगाचा कुणी उलटाही अर्थ काढेल: फरक कळतच नाही, तर तारेची एवढी उठाठेव कशाला? मला मात्र यातच धोका दिसतो. हाताला कळत नाही म्हणून स्नायूबंधाला लागत नाही असे नव्हे. हजारो फटक्यांचा हिशेब कोपराच्या बाहेरच्या बाजूला साठत जातो आणि एका सकाळी चहाचा कप उचलताना कळ येते. अर्थात टेनिस एल्बोला एकटी तार जबाबदार नसते. वय, अचानक वाढवलेला खेळ, उशिरा गाठलेला एकहाती बॅकहँड अशी कारणे असतात, आणि आयुष्यात रॅकेट न धरलेल्या सुतारालाही तो होतो. पण वय बदलता येत नाही आणि बॅकहँड बदलायला वर्षे लागतात. तार अर्ध्या तासात बदलते.

फ्रेमबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण आजच्या नावाजलेल्या कंपन्यांच्या मधल्या श्रेणीतल्या फ्रेम्समध्ये वाईट अशी क्वचितच असते. दोन चुका तेवढ्या टाळाव्यात. एक म्हणजे अति हलकी रॅकेट. हाताला बरी वाटते म्हणून 250-260 ग्रॅमची घेतली, की समोरून आलेला चेंडू तिलाच मागे ढकलतो आणि तो धक्का सोसायला उरतो आपला हात. तारेविना 285 ते 300 ग्रॅम हे बहुतेक प्रौढांना पेलवते. दुसरी चूक मोठेपणाची: लहान हेड म्हणजे पट्टीचा खेळाडू. पीट सॅम्प्रस 85 चौरस इंचांच्या रॅकेटने खेळला, पण तो चेंडू मधोमध घ्यायचा. आपण तो कडेला घेतो, आणि कडेला लागलेला चेंडू रॅकेट हातात फिरवतो. हेड रुंद असेल तर हे फिरणे बरेच कमी होते. रॉजर फेडररसुद्धा 90 चौरस इंच सोडून 2014 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, 97 वर गेला आणि पुढे त्याच मापाने त्याने ऑस्ट्रेलियन ओपन व विम्बल्डन पुन्हा जिंकले. त्याला कमीपणा वाटला नाही, तर सोसायटीच्या कोर्टावर 100 इंच घेताना आपण का लाजावे?

पॉली कुणालाच नको, असे मी म्हणत नाही. पूर्ण ताकदीने रॅकेट फिरवणारा, तारा तोडणारा आणि तुटण्याची वाट न पाहता त्या बदलणारा विशी-पंचविशीतला खेळाडू तिचा खरा हकदार आहे. त्यानेही ती नायलॉनपेक्षा चार-पाच पौंड कमी ओढावी. राग येतो तो अकादमीत बारा वर्षांच्या पोराच्या रॅकेटला पॉली घालून आणणाऱ्या पालकांचा. हाडे अजून वाढताहेत, फटक्याला वेग नाही, आणि हातात लोखंडी जाळी! हौस पालकांची, दुखणे पोराचे.

बाकीच्यांसाठी दुकानातल्या त्या प्रश्नाचे उत्तर साधे आहे. सिंथेटिक गट, किंवा चार पैसे जास्त टाकायची तयारी असेल तर अनेक बारीक तंतूंची मल्टिफिलामेंट, आणि ताण फ्रेमवर छापलेल्या पट्ट्याच्या मधल्यापेक्षा खालचा: 50 ते 60 छापले असेल तर 52. खरी तात अजूनही सगळ्यांत मऊ, पण ती महाग, शिवाय ओल लागली की तिचे तंतू उकलू लागतात. आपल्या पावसाळ्यात तिचा निभाव लागणे कठीण, आणि ती गाईच्या आतड्यापासून होते हे कळल्यावर काहींचा विचार तिथेच संपेल. रॅकेट दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नये, तारा तापून ढिल्या पडतात. आठवड्यातून जितक्यांदा खेळतो तितक्यांदा वर्षातून गटिंग, हा जुना ठोकताळा आहे. तीनदा खेळणाऱ्याने चार महिन्यांनी दुकान गाठावे. काही गटिंगवाले फ्रेमच्या गळ्याशी तारीख आणि पौंड लिहिलेली छोटी चिठ्ठी चिकटवतात. तुमचा लावत नसेल तर मागून घ्या, आणि आज घरी गेल्यावर जुन्या रॅकेटवर ती शोधून पाहा. बहुधा घामाने अक्षरे पुसली गेलेली असतील.