नोंद कुणासाठी?

मंडळी, सध्या आमच्या हिला सांभाळायला ब्यूरोची मावशी येते. वही नाही, मोबाईलवर ॲप. कूस बदलली, औषध दिले, सगळ्यापुढे बरोबरची खूण. मला कौतुक वाटले.

आठव्या दिवशी हिच्या कमरेवर लाल चट्टा दिसला. ॲपमध्ये मात्र दर दोन तासांनी कूस बदललेली! नीट पाहिले, तर रात्रीच्या साऱ्या खुणा सकाळी सहाला एकदम केलेल्या.

ब्यूरोत फोन केला. "काका, मावशी बदलून देतो." मी म्हटले, मावशी नको, पद्धत बदला. बारा तासांची पाळी, एकटी बाई, जड पेशंट. आणखी दहा घरांतल्या खुणाही सहालाच पडत असतील, तर दोष तिचा कसा?

जन्मभर हजेरीपट भरला. दर मंगळवारी अर्धा वर्ग रिकामा दिसला, तेव्हा छडी नाही उगारली. गावचा बाजार मंगळवारी असे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ साली क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंच्या आकृत्या छापल्या. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच जास्त सैनिक गेले होते. तिने बोट ठेवले ते घाणीवर आणि कोंदट हवेवर.

आज नोंदी ढीगभर, पण त्या बिलापुरत्या आणि अंगाशी आले तर दाखवण्यापुरत्या. न वाचलेली नोंद म्हणजे न तपासलेली उत्तरपत्रिका.

तुमच्याकडे मावशी येत असेल, तर ब्यूरोला एवढेच विचारा: महिनाअखेर हे सगळे एकत्र कोण वाचते? आणि वाचून काय बदलले?